दहाव्याला किती डोकी

आडनाव इचारू नका. सांगितलं की तुमी नातं काढत बसाल, आन् नातं काढण्याचा मला वीट आलाय. किती वर्सं माझ्या घरात दुसरं काही शिजलंच न्हाई. नवऱ्याचं नाव सयाजी. हे बी आता म्हातारपणी घेती. त्या काळात कुणी मारलं असतं तरी तोंडातून काढलं नसतं. आता ते न्हाईत, सासू न्हाई, लेकी आपापल्या घरी नातवंडात रमल्यात. मग भ्यायचं कुणाला?

आमचं घर कुरुळीचं. देश मोकळा झाला आन् त्याच्यानंतर चार-पाच वर्सांनी माझे सासरे वारले. दहावा इंद्रायणीला झाला. आमच्याकडं दहाव्याला सगळी भाऊकी नदीला रांगेनं बसती. भाऊकी म्हंजी एका मूळपुरुषापासनं आलेली सगळी पुरुषमाणसं. न्हावी एकेकाचं डोकं भादरत जातो. मोठ्या घराण्याचं मरण असलं तर चार न्हावी लागत्यात. मग माणसं घरी जाऊन सांगत्यात, "अमक्याच्या दहाव्याला लई डोकी उतरली." मेलेल्याची हीच इज्जत. सोन्यानाण्याला कोण इचारतंय.

सासऱ्यांच्या दहाव्याला एकच डोकं भादरलं, यांचं. दुसरं कुणी नव्हतंच. सासऱ्यांना भाऊ न्हाई, चुलता न्हाई, चुलतचुलत बी न्हाई. यांचा पणजा भैरू कुठनंतरी एकटा आला, कुरुळीत राहिला, आडनाव बी हितं येऊन नवंच लावलं, एवढंच ठावं. न्हाव्यानं यांचं डोकं केलं, वस्तरा पुसला आन् आजूबाजूला बघून इचारलं, "बाकीचे?" हे म्हणले, "बाकीचं कुणी न्हाई." तवा मागं उभ्या असलेल्या एकानं हळूच म्हणलं, "चला, न्हाव्याचं काम हलकं झालं." लोक हसले. वाईट मनानं न्हाई हसले, पण हसले.

तितनं या माणसाच्या पायाला भिंगरी लागली.

पुढं पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहिला. आमच्या भागातल्या लई जणांचे हात तितं लागले. यांना बी कामाला घेतलं. कुरुळीपासनं सायकलवर जायाचं, सायकलवर यायाचं. शिफ्ट सुटली की दुसऱ्यांचे नवरे घरी येत्यात, वैरण टाकत्यात, पोराला मांडीवर घेत्यात. आमचे हे दहाव्याला जायचे. कुणाच्या? कुणाच्या बी. मोईला कुणी गेला, चाकणला गेला, सांगवीला गेला, कळलं की ह्यांची सायकल तिकडं. नदीला बायकांच्यापासनं लांब, झाडाखाली उभं राहायचं आन् बघायचं, कोण कोण डोकं करतंय. मग एखाद्या म्हाताऱ्याला गाठायचं. "तुमचा मूळपुरुष कोण? तुमच्यातला कुणी भैरू नावाचा घर सोडून गेला व्हता का? देवक काय तुमचं? तुमच्यात काय चालत न्हाई?"

हे 'चालत न्हाई' त्यांना त्यांच्या बापानं दिलं व्हतं. सासऱ्यांना घराण्याची एकच गोष्ट ठावी, 'आपल्यात पाळणा चालत न्हाई.' का, ते ठावं न्हाई. प्रत्येक घरात असं काहीतरी असतं. कुणात पापड लाटत न्हाईत, कुणात काळं लुगडं नेसत न्हाईत. तर हे पाळणा नसलेलं घर शोधत फिरायचे.

मी भांडायचे. का न्हाई भांडायचं? "जिवंत माणसं घरात हायत ती दिसत न्हाईत, आन् मेल्यांच्या मागं पळताय," म्हणायचे. ते ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "सुभद्रे, तुला न्हाई कळायचं. तुझ्या बापाच्या आळीत बारा उंबरे एका रक्ताचे हायत. माझ्या मागं माझं डोकं बी कमी होणार, मग पोराचं एकट्याचं." यावर काय बोलायचं? खरं व्हतं. माझं माहेर मारुंजीचं. भरलं घर, चुलते, चुलतभाऊ, नुसता गलका. लग्न होऊन कुरुळीला आले तवा पहिलं वर्सभर मला घर सुनंसुनंच वाटायचं. त्यांनी तर जन्मभर तेच बघितलं.

आन् एक सांगू? इतकं फिरून फिरून त्यांना सगळ्या पंचक्रोशीची घराणी पाठ झाली. कुणाचा आजा कुठनं आला, कोण कुणाचा दत्तक, कुठल्या दोन घरांनी दोन आडनावं लावली पण मूळ एक हाय. भाऊबंदांत लग्न होत न्हाई, मग ती बहीणभाऊच की. म्हणून लोक सोयरीक जुळवायच्या आधी इचारायला यायला लागले. "सयाजीराव, हे जमतंय का बघा." मग हे ओट्यावर बसून डोळे मिटून सांगायचे. मान मिळायला लागला. मला बी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. चहाला आधण ठेवताना मी हळूच कान द्यायचे.

मोईच्या अंबुबाईच्या लेकीचं लग्न यांनीच मोडलं. सुपारी फुटली व्हती, मांडवाच्या मेढी आल्या व्हत्या. यांनी सांगितलं, "दोन्ही घरं एका मुळाची हायत. चौथ्या पिढीला सख्खे भाऊ. होत न्हाई." झालं, लग्न मोडलं. ती पोर पुढं लांब घाटावर एका बिजवराला दिली. अंबुबाई माझ्या दारात येऊन म्हणली, "तुझ्या नवऱ्याला लई कळतं बाई." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी यांना म्हणलं, "गप बसला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?" हे म्हणले, "उद्या कळलं असतं म्हंजी? त्यांची लेकरं कुणी करून घेतली असती?" हे वाक्य माझ्या ध्यानात राहिलं, कारण पुढं ते आमच्याच ताटात येऊन पडलं.

माझ्या धाकट्या भावाला, लक्ष्मणला, मुलगा झाला. बारशाला मी लेकरं घेऊन मारुंजीला गेले. बारशात पुरुषमाणसाचं काय काम? हे यायचेच नव्हते. पण पहिली शिफ्ट सुटल्यावर आम्हाला न्यायला म्हणून सायकल हाणत आले आन् थेट माजघराच्या दारात उभे राहिले. आत नाव ठेवायचं चाललं व्हतं. आमच्या माहेरात ते कसं करत्यात, तर पाळणा बांधत न्हाईत. कांबळ्याची झोळी करायची, आन् ती बी आढ्याला टांगायची न्हाई. दोघी बायांनी दोन टोकं हातात धरायची, पोर आत घालायचं, आन् तसंच हातावर झुलवून नाव घ्यायचं. मग पोर भुईवरच्या गोधडीत वाढतं. मी लहानपणापासनं हेच बघितलेलं. मला त्यात नवल ते काय? असली रीत बऱ्याच घरांत असंल म्हणून यांच्या शोधाशी ती जोडायचं मला कधी सुचलंच न्हाई.

मी नाव घेऊन मान वर केली तर दारात हे. तोंड पांढरं फटक. मला वाटलं ऊन लागलं. पाणी द्यायला उठले, तर हे मागं फिरले आन् ओट्यावर आमची गोजाआजी बसली व्हती तिच्याजवळ जाऊन टेकले. गोजाआजी माझ्या वडलांची, अण्णांची, चुलती, म्हंजी घरात सगळ्यांत जुनी. दोघं लई वेळ बोलत व्हते. मी आतनं बघत व्हते, ऐकू काही येत नव्हतं. हे जेवले न्हाईत. अण्णा म्हणले, "जावईबापू, घासभर तरी खा." हे अण्णांच्या तोंडाकडं बघत राहिले, बघतच राहिले, आन् मग पाया पडले. सणवार नसताना. अण्णा बी चकले.

त्या दिवसापासनं माझं घर फिरलं.

पहिल्यांदा यांनी अंथरूण अंगणात नेलं. उकडतंय म्हणले. थंडी पडली तरी अंगणातच. मग ओव्हरटाइम सुरू झाला. रात्रपाळी मागून घेऊ लागले. पिंपरीत मराठवाड्याकडनं आलेली पोरं खोल्या करून राहायची, तिकडंच मुक्काम करायला लागले. घरी आले तर माझ्याकडं बघायचे न्हाईत. ताट वाढलं तर खाली मान. हात लागला तर चटका बसल्यागत मागं घ्यायचे. मी एकदा सरळ इचारलं, "माझं काही चुकलं का?" तर म्हणले, "तुझं काय चुकणार?" आन् उठून गेले.

शेजारची सोजराबाई जिभेची तिखट. म्हणली, "सुभद्राबाई, पिंपरीत लई परमुलखातल्या बाया आल्यात म्हणं." मी म्हणलं, "आल्या असतील, तुझ्या नवऱ्याला जपून ठेव." तोंडानं उत्तर दिलं, पण आत काळजात काटा रुतला. मला बी तेच वाटत व्हतं. दुसरं काय वाटणार? चार लेकरांची आई मी. थोरल्या विमलला स्थळं यायला लागलेली. या वयाला नवऱ्यानं टाकलं तर जायचं कुठं, आन् लेकीला कुणी करून घ्यायचं?

कांदे काढायचे दिवस व्हते. शेतात आमी दोघंच, पोरं शाळेत. मी इळ्यानं कांद्याच्या पाती कापत व्हते, हे पोती भरत व्हते. मी इळा खाली ठेवला आन् म्हणलं, "कोण हाय ती?"

"कोण?"

"जिच्यापायी अंगणात झोपताय ती. सांगा एकदाचं. मी काय जीव देणार न्हाई. चार लेकरं हायत माझ्या गळ्यात."

हे पोतं धरून उभे राहिले. मग खाली बसले आन् म्हणले, "दुसरी कुणी न्हाई सुभद्रे. तूच हायस. तू माझी बहीण लागतीस."

मला आधी हसू आलं. खरंच, मोठ्यानं हसले. म्हणलं, डोकं फिरलं या माणसाचं दहावे बघून बघून. मग त्यांनी गोजाआजीनं सांगितलेलं सांगितलं, आन् माझं हसू जागीच राहिलं.

मारुंजीच्या आमच्या घराण्यात दोन सख्खे भाऊ व्हते, थोरला कोंडाजी, धाकटा भैरू. कोंडाजीचं पोर आढ्याला टांगलेल्या पाळण्यात झोपायचं. एके दिवशी भैरूच्या बायकोनं वासरू बांधायला पाळण्याची दोरी सोडली, मागनं परत बांधली, पण गाठ कच्ची राहिली. पाळणा पडला आन् पोर गेलं. कोंडाजी म्हणला, तुझ्या बायकोनं मुद्दाम केलं. भैरू बायकोला घेऊन त्याच दिवशी घराबाहेर पडला. इंद्रायणी ओलांडून उत्तरेला गेला एवढं कळलं, पुढं पत्ता न्हाई. तितनं दोन्ही घरांनी पाळणा टाकला. पोराचा जीव पुन्यांदा दोरीवर टांगायचा न्हाई, माणसानं हातात धरायचा. कोंडाजीचे आमी. भैरूचे हे.

"आमच्यात झोळी हातात धरत्यात हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं," हे म्हणले. "माझ्या धाकट्या बहिणीच्या बारशाला आई आन् शेजारीण अशीच झोळी धरून उभ्या व्हत्या, ते मला आठवत व्हतं. मला वाटायचं घरात आढं चांगलं न्हाई म्हणून. सगळी पंचक्रोशी पालथी घातली मी, आन् ती झोळी माझ्या सासऱ्याच्या माजघरात."

मी म्हणलं, "आपल्या लग्नात देवक बघितलं व्हतं. एकच निघालं असतं तर लग्न झालंच नसतं. तुमचं पंचपल्लव निघालं."

"माझ्या बापाला, आबांना, ठावंच नव्हतं आपलं देवक. इचारायला कुणी नव्हतं. ज्याला काही ठावं नसतं तो पंचपल्लव सांगतो. त्यांनी बी तेच सांगितलं."

असं झालं बघा. एका माणसाला कुणी इचारायला नव्हतं म्हणून.

मी खाली बघत पाती कापायला लागले. माझ्या मनात अंबुबाईची पोर आली, माझी विमल आली. बाहेर कळलं तर भावाबहिणीचा संसार म्हणून लोक थुंकतील. मला माहेरी धाडतील, न्हाईतर दोघांना वाळीत टाकतील. लेकरांचं तर जलमाचं वाटोळं. आन् ते सगळं या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळत व्हतं, कारण ह्यानंच लोकांना शिकवलेलं.

पण यांचं तोंड बघितलं आन् मला निराळीच भीती वाटली. ते रडवेले झाले व्हते, तरी आतनं कुठंतरी फुललेले दिसत व्हते. म्हणले, "सुभद्रे, बारा उंबरे हायत माझे. अण्णा माझे चुलते लागत्यात. लक्ष्मण भाऊ. मला एकदा जाऊन सांगू दे. अण्णांना एकट्याला सांगतो. त्यांनी नुसतं 'व्हय' म्हणलं तरी पुरे."

"आन् मग?"

ते पोत्याचं तोंड बांधायला लागले.

"भाऊबंद पाहिजेत का बायको?" मी इचारलं.

ते तरी गप्पच राहिले. लगेच उत्तर द्यायला पायजे व्हतं त्यांनी. दिलं न्हाई. ते दुखणं मला मरेपर्यंत पुरणार हाय. पण त्या वेळी दुखणं कुरवाळायला सवड नव्हती. मी इळा कमरेला खोचला, तशीच घरी आले, पोरांना सोजराबाईच्या हवाली केलं आन् दुसऱ्या दिवशी एसटीनं, पुढं पायी, मारुंजी गाठली.

गोजाआजी परसात शेण्या थापत व्हती. मी तिच्या समोर उकिडवी बसले. म्हणलं, "आजी, माझ्या घरात काय इस्तव टाकलास तू?"

तिनं हात थांबवला न्हाई. म्हणली, "तो इचारायला आला, मी सांगितलं. म्हातारपणी जिभेला कुलूप राहत न्हाई. त्याचं तोंड बघितलं तवा कळलं, आपण काय बोलून बसलो."

"तवाच कळलं तुला?"

तिनं हातातली शेणी थापून टाकली. मग म्हणली, "न्हाई. मला तुझ्या विमलच्या बारशालाच कळलं व्हतं. पहिलं बाळंतपण हितं झालं. पोर तुझ्या सासरच्या कुळाचं, म्हणून तुझ्या आईनं निरोप धाडून तुझ्या सासूला इचारलं, तुमच्यात काय रीत? सासूचा निरोप आला, पाळणा चालत न्हाई, झोळी करा, टांगू नका, हातात धरा. तुझी आई खूश, म्हणली बरं झालं, आपल्यासारखीच रीत. मला मात्र कापरं भरलं. मला माझ्या सासूनं कोंडाजी-भैरूचं सगळं सांगितलेलं. दुसरं कुणी राहिलं नव्हतं जाणतं."

"मग बोलली का न्हाईस?" मी ओरडलेच.

"काय बोलू? पोर झोळीत व्हतं. एक टोक माझ्याच हातात व्हतं. सोडून देऊ?"

मला रडू फुटलं. म्हातारीनं शेणाचे हात झटकले, मनगटानं माझे डोळे पुसले आन् म्हणली, "त्या बाईनं कच्ची गाठ मारली म्हणून एक घर फुटलं. आता हे दुसरं घर हाय. हे म्या फुटू दिलं न्हाई आन् तू बी देऊ नको. जा, त्याला सांग, गोजाबाईनं सांगितलंय की ती थकलीया, तिला भरम झाला व्हता." मग थांबून म्हणली, "त्याला पटणार न्हाई. पण सांग."

मी घरी येऊन यांना काही भरम-बिरम सांगितलं न्हाई. खोटं त्यांना कळलं असतं. मी म्हणलं, "आजीला सगळं ठावं हाय, आन् ती मरेपर्यंत गप्प राहणार. मी गप्प राहणार. आता तुमचं काय ते सांगा. अंथरूण आत आणणार असाल तर आजच आणा. न्हाईतर उद्या मी चारी लेकरं घेऊन मारुंजीला जाती आन् तुमच्या बारा उंबऱ्यांवर उभी राहून सांगती मला नवऱ्यानं का टाकलं. मग विमलला तुमीच नवरा शोधा, तुमाला घराणी पाठ हायत."

ते लई वेळ अंगणात उभे राहिले. मग वाकळ गोळा केली आन् आत आणली.

त्याच्यानंतर लोकांची सोयरीक बघणं त्यांनी सोडून दिलं. कुणी इचारायला आलं तर म्हणायचे, "मला आता आठवत न्हाई." दहाव्यांना जाणं बी बंद. लोकांना वाटलं, कारखान्याच्या कामानं थकला गडी. पण जीव कुठं थाऱ्यावर व्हता? सुट्टी असली की सायकल मारुंजीला. अण्णांची नांगरट, अण्णांची मळणी, अण्णांच्या गोठ्याचं छप्पर. लक्ष्मण थट्टा करायचा, "दाजी, जावई लोक हितं बसून पुरणपोळी हाणत्यात, तुमी बैल धुताय." अण्णा गावात सांगत सुटायचे, "जावई कसला, लेक हाय माझा." असं म्हणले की हे उठून कुठंतरी जायचे. मला तर तिकडं गेलं की घास उतरायचा न्हाई. यांच्या तोंडाकडं बघत बसायचे, आता बोलत्यात का मग बोलत्यात. भरल्या घरात मी चोरासारखी बसायचे, माझ्याच माहेरात.

विमलचं लग्न झालं. देवक इचारलं तवा हे म्हणले, "पंचपल्लव." आवाज जराबी हलला न्हाई. मी पदराखाली हात जोडले.

पुढच्या वर्सी अण्णा गेले. चार दिवस ताप आला आन् संपलं. दहाव्याला आमी दोघं गेलो. सगळी भाऊकी काठाला रांगेनं बसली. लक्ष्मण, चुलतभाऊ, त्यांची पोरं. दोन न्हावी दोन टोकांनी सुरुवात करून मधे येत व्हते. जावई हा सोयरा. त्यानं डोकं करायचं नसतं. त्यानं उभं राहायचं, आन् सगळं झाल्यावर लेकाच्या डोक्याला दुखवट्याचं पागोटं बांधायचं. हे हातात नवं पागोटं घेऊन उभे व्हते. मी बायकांत बसलेली. बापासाठी रडायचं सोडून मी नवऱ्याकडं बघत व्हते. रांगेच्या टोकाला एक जागा मोकळी व्हती. तिकडं त्यांनी एकदा बघितलं. मग लक्ष्मण उठला, हे पुढं झाले, त्याच्या उघड्या डोक्याला त्यांनी पागोटं बांधलं. नीट, सावकाश. सोयऱ्याचं काम सोयऱ्यानं केलं. मी सुटले.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले. संध्याकाळी आले ते डोक्याला पंचा गुंडाळून. एरवी टोपी असायची. मी म्हणलं, डोकं दुखतंय का? त्यांनी पंचा काढला. पिंपरीत, वळखीचं कुणी नसताना, झाडाखालच्या न्हाव्याकडनं केलेलं चकाचक डोकं. मिशी बी न्हाई.

मी कपाळाला हात लावला. "अवो, हे काय केलंत? सासऱ्यासाठी कुणी डोकं करतं काय? उद्या गाव इचारील, तुमच्यात कोण मेलं, तर काय सांगणार? सोजराबाईला एक सूत मिळालं तर ती अख्खं लुगडं इणती."

"न्हाव्यानं बी इचारलं, कोण गेलं म्हणून," हे म्हणले. "मी म्हणलं, चुलता. पहिल्यांदा म्हणलं मी, सुभद्रे. त्यानं 'अरेरे' म्हणलं."

मला राग बी आला, पोटात बी तुटलं. पण रडत बसून भागणार नव्हतं. सकाळी गावानं बघायच्या आत काहीतरी करायला पायजे व्हतं. मी उजाडताच पाट्यावर हळद वाटली, कडूलिंबाचा पाला वाटला, आन् यांना मुद्दाम बाहेर, अंगणात, सगळ्यांच्या नजरेसमोर पाटावर बसवलं. सोजराबाई हंडा घेऊन निघालीच. म्हणली, "अगं बया, हे काय गं?"

मी तोंड वाकडं करून म्हणलं, "खवडे झालेत यांच्या डोक्यात. कारखान्यातली पोरं एकमेकांच्या टोप्या घालत्यात, दुसरं काय. सगळं भादरून टाकलं बाई. तुझ्या पोरांना जवळ येऊ देऊ नको."

सोजराबाई दोन पावलं मागं सरकली. दुपारपत्तोर गावभर झालं, सयाजीला खवडे झाले. पारावरची माणसं महिनाभर हसली. एवढी पंचक्रोशी धुंडाळून माणसानं आपली भाऊकी शोधली, आन् तिच्यासाठी डोकं उतरवलं ते खवड्यांच्या नावावर.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी त्यांच्या मागं बसून, खवडा नसलेल्या गुळगुळीत डोक्याला, लोकांना दिसावं म्हणून, जोर लावून हळद चोळत व्हते. तर माझ्या हाताखाली ते डोकं हलायला लागलं. बघते तर हे रडत व्हते. अण्णा गेल्यापासनं पहिल्यांदा. जावयानं किती रडायचं याला बी माप असतं, ते त्यांनी दहा दिवस पाळलं व्हतं. हळूच म्हणले, "अण्णा गेले गं."

आन् मग मला बी आवरलं न्हाई. मी बी दहा दिवस नीट रडले नव्हते, नवऱ्याला राखत बसले व्हते. आमी दोघं नवराबायको अंगणात बसून, एका घरची भावंडं रडत्यात तशी रडलो.

सोजराबाई कुंपणापलीकडनं बघत व्हती. तिला दया आली. म्हणली, "लई झोंबतंय का वो?"

"व्हय," हे म्हणले. "लई झोंबतंय."